टाऊ सेटीचे चार ग्रह: ‘आहेत’ म्हणावे की ‘असावेत’?

धागाकर्ता:
तिमिंगल तारकासमूहातला टाऊ सेटी हा तारा आपल्यापासून सुमारे १२ प्रकाशवर्षांवर आहे. तो सूर्याच्याच जातीचा असून त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ७८ टक्के आणि तेज जवळपास निम्मे आहे. २०१७ मध्ये त्याच्याभोवती चार ग्रह असल्याचे जाहीर झाले. त्यांचे परिभ्रमणकाळ साधारण २०, ४९, १६३ आणि ६३६ दिवसांचे असून शेवटचे दोन वासयोग्य पट्ट्याच्या (ताऱ्यापासूनच्या ज्या अंतरात ग्रहावर पाणी द्रवरूपात राहू शकते त्या पट्ट्याच्या) कडांवर येतात. तरीही आपल्याकडचे लेखक अजून ‘संभाव्य ग्रह’ असे चाचरत लिहितात. चिलीतील ला सियाच्या दुर्बिणीवर बसवलेल्या हार्प्स या वर्णपटमापकाने वर्षानुवर्षे जमवलेल्या नोंदींतून हा निष्कर्ष निघाला आहे, तेव्हा ‘चार ग्रह आहेत’ असे सरळ लिहावे, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १:
असहमत. याच ताऱ्याभोवती २०१२ मध्ये पाच ग्रह सांगितले गेले होते. पुढे २०१७ च्या विश्लेषणात, ज्यात पहिल्या चमूतलेही काही जण होते, त्यांतले तीन टिकले नाहीत आणि दोन नवे आले. एवढी उलथापालथ झालेल्या यादीला ‘आहेत’ हे क्रियापद पेलत नाही.

मोजायचे काय आहे, ते जरा जवळून पाहू. ग्रहाच्या ओढीने तारा किंचित पुढे-मागे डुलतो आणि त्याच्या वर्णपटातल्या रेषा तेवढ्याच सरकतात. इथे हे डुलणे सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी, म्हणजे रांगणाऱ्या बाळाच्या वेगाचे आहे, आणि ते शोधायचे कुठे, तर जिथला तप्त वायू सेकंदाला शेकडो मीटर वेगाने वरखाली उसळत असतो अशा पृष्ठभागावर. २०१२ मध्येच अल्फा सेंटॉरी बी भोवती असाच एक ग्रह गाजावाजा करून जाहीर झाला आणि तीन वर्षांत तो निरीक्षणांच्या वेळांतील खंडांमुळे उमटलेला आभास ठरला.

प्रतिसाद २:
पहिल्या प्रतिसादात एक मुद्दा राहिला. २०२३ मधील मोजणीनुसार या ताऱ्याचा ध्रुव जवळजवळ आपल्याकडेच वळलेला आहे (कल सुमारे ७ अंश, अनिश्चितताही तेवढीच) आणि तो स्वतःभोवती फिरायला सुमारे ४६ दिवस घेतो. ताऱ्यावरचे डाग त्याच्या फिरण्याच्या काळाचाच खोटा डोल दाखवू शकतात; आता ४९ दिवसांचा ‘ग्रह’ पुन्हा पाहा! शिवाय या पद्धतीने डुलण्याचा फक्त आपल्या दिशेचा भाग दिसतो, म्हणून किमान वस्तुमानच कळते; कक्षा आपल्याला जितकी वरून दिसते, तितके खरे वस्तुमान जास्त. बाहेरच्या दोघांचे ते पृथ्वीच्या चौपटीच्या आसपास आहे. त्यांच्या कक्षाही ७ अंशांनीच कललेल्या असतील, तर खरा आकडा तिसाच्या पुढे, म्हणजे नेपच्यूनच्याही वर जातो. मग ‘पृथ्वीसारखे’ कशाला म्हणायचे?

धागाकर्ता:
ताऱ्याचा कल आणि कक्षांचा कल एकच असेल, हे गृहीतकच आहे. ताऱ्याभोवतीची धुळीची तबकडी सुमारे ३५ अंश कललेली आढळली आहे. ग्रह तिच्या पातळीत असतील, तर चौपटीचे सातपटीपर्यंतच जाते. त्यामुळे नेपच्यूनचा मुद्दा मला मान्य नाही. ४९ दिवसांबाबत मात्र आपण म्हणता ते रास्त आहे. तो ग्रह मी यादीतून बाजूला ठेवतो. बाकी तिघांचे काळ ताऱ्याच्या फिरण्याशी तसे जुळत नाहीत, म्हणून त्यांच्याबाबत माझे मत कायम आहे.

प्रतिसाद १:
२० दिवसांचा काळ ४६ च्या निम्म्याच्या बराच जवळ आहे, आणि ताऱ्यावरचे डाग आवर्तनाच्या निम्म्या काळाचाही ठसा उमटवतात. त्यामुळे तोही मी इतक्या सहज धरणार नाही. उरले दोन, आणि २०१२ च्या पाचांतून २०१७ मध्ये टिकलेही तेच दोन. मी लिहीन ते असे: ‘दोन ग्रह असावेत, आणखी दोन संशयास्पद.’ आणि धुळीचा विषय निघालाच आहे, तर तिच्यावर मात्र वाद नाही: आपल्या कायपर पट्ट्याच्या (नेपच्यूनपलीकडच्या बर्फाळ पिंडांच्या पट्ट्याच्या) दहापटीहून अधिक द्रव्य तिथे भिरभिरत असल्याचे २००४ मध्येच आढळले. वासयोग्य पट्ट्याविषयी लिहिणाऱ्यांनी तिथल्या धूमकेतूंच्या माऱ्याचाही एका ओळीत उल्लेख करावा.

प्रतिसाद ३:
डिसेंबरात रात्री आठच्या सुमारास दक्षिणेला पाहा. तिमिंगलातल्या ठळक डिफडाच्या पूर्वेला साध्या डोळ्यांना दिसणारा मंद तारा तो हाच. १९६० मध्ये फ्रँक ड्रेक यांनी परग्रहवासीयांचे रेडिओ संदेश ऐकण्यासाठी निवडलेल्या दोन ताऱ्यांपैकी हा एक होता, आणि तेव्हा एकाही ग्रहाची नोंद कोणाकडे नव्हती.