जिप्सीसाठी रोल केज : पाइप कोणता घ्यावा आणि पाय कुठे रोवावेत?

मुलुंडची जिप्सी

नमस्कार. माझ्याकडे 2012 ची सॉफ्ट टॉप, म्हणजे कापडी छताची, जिप्सी आहे. आठवडाभर ती मला ऑफिसला नेते आणि पावसाळ्यात कर्जत-लोणावळा परिसरातल्या खाजगी जागांवर जे ऑफरोड मेळावे भरतात, तिथेही मी तीच घेऊन जातो. अशाच एका मेळाव्यात ओल्या उतारावर एका सदस्याची गाडी अगदी सावकाश कलली, कुशीवर गेली आणि तशीच उलटी झाली. चालकाला फारसे लागले नाही. परंतु सॉफ्ट टॉपच्या कांबी आणि विंडशील्डची चौकट जवळजवळ बॉनेटच्या पातळीपर्यंत बसलेली पाहिल्यावर आपल्या गाडीला रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी आतल्यांची जागा वाचवणारा नळ्यांचा सांगाडा, असावा, असे तीव्रतेने वाटू लागले.

कुर्ल्यातल्या एका फॅब्रिकेटरने पंचवीस हजारांत काम करून देण्याची तयारी दाखवली आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे दीड इंची बी क्लास पाइप हायड्रॉलिक बेंडरवर वाकवायचा, आर्क वेल्डिंगने जोडायचा आणि केजचे सहा पाय फ्लोअरच्या पत्र्याला बोल्टने बसवायचे. हा पाइप या कामाला योग्य आहे का, आणि असा केज लावलेली गाडी रोज शहरात चालवता येईल का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

फॅब्रिकेशन-तुर्भे

प्रथम पाइपविषयी. ज्याला आपण बी क्लास म्हणतो तो आयएस 1239 या भारतीय मानकाचा पाइप, म्हणजे पाणी, वाफ आणि हवा वाहून नेण्यासाठी बनवलेला. ‘दीड इंची’ हे त्याच्या पोकळीचे नाममात्र माप आहे. बाहेरचा व्यास 48.3 मिलिमीटर भरतो, जाडी सव्वातीनच्या आसपास असते आणि वजन मीटरला साडेतीन किलोच्या पुढे जाते. तो काडीसारखा मोडेल असे मी म्हणणार नाही. परंतु मोटरस्पोर्टच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत, म्हणजे एफआयए या जागतिक संघटनेच्या अपेंडिक्स जे मधील कलम 253 मध्ये, चालकाच्या मागे उभ्या राहणाऱ्या मुख्य कमानीसाठी 45 × 2.5 किंवा 50 × 2 मिलिमीटरची (बाहेरचा व्यास × जाडी) नळी पुरेशी मानली आहे आणि उरलेल्या बहुतेक भागांसाठी 38 × 2.5 किंवा 40 × 2 ची. 45 × 2.5 ची नळी मीटरला सुमारे 2.6 किलो भरते. म्हणजे तुम्ही मीटरमागे जवळजवळ एक किलो जास्त लोखंड, तेही जेमतेम एक टनाच्या गाडीच्या डोक्यावर, चढवणार आणि गाडी उलटण्याची शक्यता स्वतःच वाढवणार.

नियमावलीतली नळी कोल्ड ड्रॉन सीमलेस, म्हणजे थंड अवस्थेत ओढलेल्या बिनजोड, कार्बन स्टीलची असावी लागते आणि तिची ताणशक्ती किमान 350 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर असावी लागते. आपल्या बाजारात तिला सीडीएस म्हणतात. गिरगावातल्या खेतवाडी-कुंभारवाडा भागातल्या पाइपवाल्यांकडे किंवा कळंबोलीच्या लोखंड बाजारात चौकशी करावी; मात्र मिल टेस्ट सर्टिफिकेट (कारखान्याचा चाचणी दाखला) मागितल्याशिवाय आणि त्यावरचा हीट नंबर (पोलादाच्या घाण्याचा क्रमांक) मालाशी जुळवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. सीडीएस मिळाली नाही किंवा परवडली नाही, तर वेल्ड करून नंतर थंड अवस्थेत ओढलेली सीडीडब्ल्यू नळी हा दुसरा मार्ग आहे; अमेरिकन ऑफरोडवाले डीओएम म्हणून जी वापरतात, ती याच जातीची. ती एफआयएच्या व्याख्येत बसत नाही, पण छंदाच्या गाडीसाठी मी ती आनंदाने वापरेन. गॅल्व्हनाइज्ड पाइप मात्र कोणी फुकट दिला तरी घेऊ नका, कारण जस्तामुळे वेल्ड सच्छिद्र होतो आणि त्याच्या धुराने वेल्डरला ताप भरतो. क्रोमोलीचा, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिश्र पोलादाचा, मोहही टाळावा; ते काम आर्गन वायूच्या वेल्डिंगचा सराव असलेल्या हाताचेच आहे.

आता वाकवण्याविषयी, कारण बहुतेक केज इथेच बिघडतात. साधा हायड्रॉलिक बेंडर पाइपला दोन आधारांमध्ये मधून ढकलतो. जाड भिंतीचा पाण्याचा पाइप ते सहन करतो, पण अडीच मिलिमीटरची नळी आतल्या बाजूने चपटते किंवा तिला सुरकुती पडते, आणि उलटताना केज नेमका त्या सुरकुतीत दुमडतो. त्यामुळे डायभोवती (गोल साच्याभोवती) नळी ओढून वाकवणारा, शक्यतो आत मँड्रेल (नळी चपटू न देणारा गाभा) घालणारा बेंडर ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडेच हे काम द्यावे. वळणाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या किमान तिप्पट असावी. वळणावर व्हर्नियर लावून दोन्ही बाजूंनी मोजावे. लहान व्यास मोठ्या व्यासाच्या 0.9 पट तरी भरायला हवा. एकीकडे 47 आणि दुसरीकडे 42 मिलिमीटर आले, तर ती कमान परत करावी.

आर्कने जोड होत नाही असे नाही. परंतु पातळ नळीवर सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणातले) वेल्डिंग अधिक एकसारखे येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नळीचे टोक दुसऱ्या नळीच्या गोलाईवर घट्ट बसेल असे कापले गेले पाहिजे. फट ठेवून ती वेल्डिंगच्या मालाने बुजवणारा कारागीर मला चालत नाही. वेल्ड संपूर्ण घेराचा हवा आणि शोभेसाठी तो ग्राइंडरने सपाट करू नये. मुख्य कमानीत एक तिरका दांडा हवाच, कारण नुसता चौकोन बाजूने रेटा आला की कलतो आणि त्रिकोण कलत नाही. शेवटी पावडर कोटिंगऐवजी साधा फिकट रंग द्यावा, म्हणजे पुढे एखाद्या जोडाला तडा गेला तर गंजाची रेघ लगेच दिसते. काळ्या पावडर कोटिंगखाली ती वर्षभर लपून राहू शकते.

ट्रेल मार्शल

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. पण तुमचा दुसरा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो. सहा पायांच्या केजचे पुढचे दांडे विंडशील्डच्या खांबांलगत, म्हणजे चालकाच्या कपाळापासून हातभर अंतरावर येतात. मैदानात डोक्यावर हेल्मेट असते आणि खांद्यावरचे पट्टे शरीर सीटला घट्ट धरून ठेवतात, म्हणून ते दांडे रक्षण करतात. सोमवारी सकाळी पूर्व द्रुतगती मार्गावर हेल्मेट नसते, आणि मागून साधी धडक बसली तरी तेच कपाळ त्या नळीवर आदळू शकते. त्यावर नळाच्या इन्सुलेशनचा मऊ फोम गुंडाळून भागत नाही, कारण तो बोटाने दाबला तरी तळाला जातो. केजसाठी मिळणारे घट्ट पॅडिंग वेगळे असते, आणि तेही हेल्मेट घातलेल्या डोक्याचा विचार करूनच बनवलेले असते.

खांद्यावरच्या पट्ट्यांविषयीही एक सांगतो. ते सीटमागच्या आडव्या दांड्याला खांद्याच्या पातळीवर किंवा थोडे खाली बांधावेत. अनेक जण ते थेट फ्लोअरला बांधतात. अशा वेळी धडकेत पट्टा खांदे खाली ओढतो आणि सगळा दाब मणक्यावर येतो. गाडी कलू लागली की हात आपोआप केजच्या दांड्याकडे जातो, आणि मी मेळाव्यांत पाहिलेल्या जखमांत सर्वाधिक जखमा चिरडलेल्या बोटांच्याच आहेत. चालकाने स्टिअरिंगच धरून ठेवावे, अंगठे आत न अडकवता. शेजारच्यासाठी डॅशबोर्डवर पकड बसवावी.

आरटीओच्या रांगेतला

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये याच अर्थावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘केज म्हणजे केवळ अॅक्सेसरी’ असा युक्तिवाद पुष्कळदा ऐकू येतो. परंतु रिकामे वजन आणि आसनसंख्या नोंदणीत लिहिलेली असते, आणि केजमुळे मागची आसने निघाली की तो युक्तिवाद लंगडा पडतो. तुमची गाडी 2012 ची असल्याने 2027 मध्ये पुनर्नोंदणीसाठी ती वडाळ्याच्या आरटीओत निरीक्षकासमोर उभी राहील. त्यामुळे केज बोल्टने निघणारा असावा, आणि विमा कंपनीला लेखी कळवल्याशिवाय तो लावू नये, असे माझे मत आहे.

मुलुंडची जिप्सी

सर्वांचे मनापासून आभार. गाडी रोज वापरायची असल्याने सहा पायांचा विचार मी सोडत आहे. पुढच्या सीटमागे फक्त मुख्य कमान आणि मागे जाणारे दोन तिरके दांडे, असा चार पायांचा सांगाडा कितपत उपयोगी ठरेल? आणि त्याचे पाय बॉडीवर बसवावेत की चॅसीवर? एका मित्राचा सल्ला आहे की कमान चॅसीला वेल्ड करावी आणि मागचे पाय फ्लोअरला बोल्टने लावावेत.

फॅब्रिकेशन-तुर्भे

मित्राचा हा सल्ला कृपया ऐकू नका. जिप्सीची बॉडी चॅसीवर रबरी बुशांवर बसलेली असते. खड्ड्यात एक चाक वर आणि एक खाली गेले की चॅसी पिळली जाते आणि बॉडी तिच्यापेक्षा वेगळी हलते. केजचे दोन पाय एकीकडे आणि दोन दुसरीकडे असतील, तर ती सगळी हालचाल केजच्या जोडांवर येते; थोड्याच दिवसांत एक तर वेल्डला तडे जातात किंवा फ्लोअर फाटतो. चारही पाय बॉडीवर घ्या किंवा चारही चॅसीवर. चॅसीवर घ्यायचे असतील तर फ्लोअर कापावा लागतो, मध्ये पुन्हा बुश घालावे लागतात आणि बोल्टने काढण्याची सोय जवळजवळ संपते. तुमच्या वापरासाठी मी चारही पाय बॉडीवरच घेईन.

फ्लोअरचा पत्रा इतका पातळ आहे की नुसता वॉशर घालून बोल्ट लावला, तर गाडी उलटताना केजचा पाय पत्रा फोडून खाली जाईल आणि कमान डोक्यापर्यंत येईल. म्हणून कमानीच्या प्रत्येक पायाखाली किमान तीन मिलिमीटर जाडीची आणि 120 चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची प्लेट हवी. खालून तेवढीच दुसरी प्लेट लावून पत्रा मध्ये दाबायचा, आणि किमान एम 8 (8 मिलिमीटर व्यासाचे), ग्रेड 8.8 या ताकदीचे तीन बोल्ट वापरायचे. मी स्वतः एम 10 वापरतो. पायाची जागा बॉडी माउंटच्या, म्हणजे बॉडी चॅसीवर टेकते त्या जागेच्या, शक्य तितकी जवळ निवडावी. त्याआधी मॅट काढून सगळा फ्लोअर हातोडीने ठोकून पाहावा. मुंबईच्या दमट हवेत वरचा रंग शाबूत आणि खालचा पत्रा कुजलेला, असे जिप्सीत फार आढळते, आणि अशा पत्र्यावर कितीही चांगला केज लावला तरी पैसे वाया जातील.

चार पायांचा सांगाडा उपयोगी आहे की नाही, हे दोरीने तपासता येते. कमानीच्या माथ्यापासून बॉनेटच्या पुढच्या मजबूत भागापर्यंत दोरी ताणावी आणि चालकाने हेल्मेट घालून ताठ बसावे. डोके दोरीच्या खाली स्पष्ट अंतर ठेवून राहिले, तर विंडशील्ड बसले तरी जागा वाचेल; डोके दोरीला लागत असेल तर कमान उंच करावी किंवा सीट खाली घ्यावी. मागचे दांडे उभ्या रेषेशी किमान 30 अंशांचा कोन करतील इतके मागे न्यावेत. अर्थात मागच्या बाकावर मग कोणालाही बसवता येणार नाही, हे घरी आधीच सांगून टाकावे.

गाडीत फक्त टॅक, म्हणजे तात्पुरते छोटे वेल्ड, मारून घ्यावेत, आणि त्यासाठीही बॅटरी सोडावी, ईसीयूचा (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचा) कनेक्टर काढावा आणि पेट्रोलची टाकी उतरवून ठेवावी. दोरीची तपासणी टॅकवर करावी, मग सांगाडा बाहेर काढून टेबलावर पूर्ण वेल्ड करावा. कुर्ल्याचा कारागीर याला तयार असेल आणि त्याच्याकडे डायचा बेंडर असेल तर काम त्यालाच द्या. नसेल तर नळ्या दुसरीकडून वाकवून आणून वेल्डिंगपुरते त्याच्याकडे जाता येईल.