‘लातिक’ म्हणजे बेरी की पाक? (जाग्नाच्या कालामायवरून)

सोनटक्का: फिलिपिन्समधल्या बोहोल बेटावरच्या जाग्ना गावच्या ‘कालामाय’ या गोड पदार्थाची कृती मराठीत करते आहे. त्यात ‘लातिक’ दोनदा येतो. एकदा तो वरून भुरभुरायचा आहे, एकदा ओतायचा. बेरी (लोणी कढवल्यावर तळाला उरते तशी) लिहिलं तर ओतणार कशी?

खापरोळी: कृती लिहिणाऱ्याने दोन भाषा मिसळल्यात. मनिलाकडच्या तागालोग भाषेत नारळाचा दाट रस आटवून तेल सुटलं की जे तांबूस कण उरतात ते लातिक. बोहोलकडच्या विसायन भाषांमध्ये दाट रस आणि गूळ एकत्र आटवून केलेला पाक म्हणजे लातिक. भुरभुरायचं तिथे बेरी, ओतायचं तिथे पाक.

कण काढायचे तर रस मंद आचेवर ठेवा आणि तळ खरवडत राहा. बदामी रंग आला की लगेच गाळा. तेलातच राहिले तर गॅस बंद केल्यावरही तळले जातात आणि कडू होतात. डब्यातल्या रसात गवार गम (रस एकजीव ठेवणारा डिंक) असेल तर तेल नीट सुटत नाही, लेबल आधी वाचा.

नि:शब्द: बेरी लोणी कढवल्याची. नारळाची बेरी हा शब्दावर अत्याचार आहे. ‘गाळ’ म्हणा.

खापरोळी: गाळ टाकून देतात. हे मुद्दाम जपून वर पेरतात.

मिरी: ‘कालामाय’ म्हणजे काळा + मय, नाही का? रंग काळपटच असतो. संस्कृत तिकडे पोचलं होतंच की.

खापरोळी: संस्कृत पोचलं होतं, पण म्हणून प्रत्येक शब्द आपला होत नाही. तिकडच्याच हिलिगायनोन भाषेत कालामाय म्हणजे चक्क साखर.

मिरी: मग काळी साखर! मुद्दा तोच.

माडाचा गूळ: एवढी ओढाताण कशाला? आमच्या गोव्यातलं दोदोल लिहा. तांदळाचं पीठ, नारळाचा रस, माडाचा काळा गूळ, तेल सुटेपर्यंत घोटणं. तेच आहे. फिलिपिन्समधल्या मिंडानाव बेटावरही ‘दोदोल’ म्हणतात.

खापरोळी: तेच नाही. गोव्याच्या दोदोलला साधा तांदूळ. त्यातल्या अमायलोज या स्टार्चमुळे गार झाल्यावर घट्ट बसतं आणि सुरीने वडी पडते. कालामायचा तांदूळ चिकट, त्यात अमायलोज जवळजवळ नसतं, म्हणून गार झाला तरी ताणला जातो. जाग्नाचा तर चमच्याने उकरून खायचा. साधं पीठ घेऊन केलात तर चव जवळपास येईल, तार येणार नाही. आणि सोनटक्का, ‘ग्लुटिनस’चं ‘ग्लुटेनयुक्त’ करू नका. ग्लुटेन तांदळात नसतंच. चिकट तांदूळ लिहा.

सोनटक्का: तेच करून बसले होते, बदलते. मस्कोवाडोला (कृतीतल्या कच्च्या तपकिरी साखरेला) खांडसरी चालेल?

झारा: नको. खांडसरीत मळी यंत्राने फिरवून काढतात, मस्कोवाडोत ती बरीचशी आतच राहते. गुळाची पावडर लिहा. घरगुती प्रमाण: चिकट तांदळाचं पीठ 2 वाट्या, रस 4 वाट्या, गूळ 2 वाट्या. गूळ निम्म्या रसात विरघळवून गाळायचा, त्यात कचरा असतो. उरलेल्या गार रसात पीठ कालवायचं. गरम रसात घातलं की गुठळ्या, आणि त्या नंतर मोडत नाहीत. मग एकत्र करून जाड बुडाच्या कढईत मध्यम ते मंद आचेवर सलग घोटायचं. गोळा कडा सोडू लागला आणि तेल दिसलं की झालं. त्याआधी उतरवलात तर पीठ कच्चं लागतं आणि लवकर आंबतं.

नि:शब्द: मूळ प्रश्न भाषेचा होता. ‘तो’ कालामाय कोणी ठरवलं? ‘माय’ आहे तर ‘ती’.

माडाचा गूळ: दोदोल ‘तें’, म्हणून हेही ‘ते’.

झारा: लाडू, पेढा, मोदक पुल्लिंगी. तो.

नि:शब्द: पुरणपोळी, बर्फी, जिलबी?

शेंगदाणा: लिंग राहू द्या, ‘जाग्नाचा’ हे गाळू नका. फिलिपिन्समध्ये कालामाय ठिकठिकाणी होतो, इलोकोस सुर प्रांतातलं कांदोन शहरही त्यासाठी ओळखलं जातं, आणि जो तो आपलाच खरा म्हणतो. सातारी म्हटल्याशिवाय कंदी पेढा पुरा होतो का? जाग्नाची ओळख भांड्यातही आहे: घासून गुळगुळीत केलेल्या करवंटीच्या दोन अर्ध्यांत गरम कालामाय भरतात, त्या जोडतात आणि सांध्यावर लाल कागदाची पट्टी चिकटवतात.

सोनटक्का: त्या कागदाला ‘पापेल दे हापोन’ म्हटलंय. जपानी कागद?

मिरी: शब्दशः तोच. पण आपल्याकडे त्याला पताकांचा कागद म्हणतात.

नि:शब्द: पताकांचा कागद जिलेटिनचा.

मिरी: घोटीव कागदाच्याही पताका असतात. जिलेटिन नंतर आलं.

झारा: लाल क्रेप कागद लिहा आणि पुढे चला. लातिकच्या पाकाचं प्रमाण राहिलं: 2 वाट्या दाट रसाला पाऊण वाटी गूळ, चमच्याच्या पाठीवर थर बसेपर्यंत.

नि:शब्द: क्रेप मराठी आहे?