घरामागचा पऱ्या, साधा कॅमेरा आणि वाहतं पाणी

पऱ्याकाठची

नमस्कार मंडळी. आमचं घर संगमेश्वर तालुक्यात. मागचं आगर संपलं की पाखाडी उतरते आणि खाली पऱ्या, म्हणजे लहान ओढा. मिरगानंतर भरतो, मार्गशीर्षापर्यंत वाहतो. आईचं निम्मं आयुष्य त्या पऱ्यावर गेलं. धुणं तिथेच, तेरड्याची गौर तिथूनच आणायची, आणि उन्हाळा आला की तिथल्याच डबक्यातून कळशा. आता तिचे गुडघे पार गेलेत. पुण्यात माझ्याकडे तिसऱ्या मजल्यावर असते. दोन वर्षांत गावाला जाणं झालेलं नाही.

यंदा गणपतीला मी एकटी पाच दिवस जाणार आहे. तिच्यासाठी पऱ्याचा एक फोटो आणायचाय. मोठा करून पलंगासमोरच्या भिंतीवर लावायचाय, म्हणून तो नीटच यायला हवा.

कॅमेरा म्हणजे कॅननचा जुना पॉवरशॉट, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. ऑटो आहे, पी (प्रोग्राम) आहे, पाच-सहा सीन (ठरावीक प्रसंगांसाठीचे तयार मोड) आहेत. शटर किती वेळ उघडा राहील ते हाताने ठरवायची सोय नाही. ट्रायपॉड नाही. नवा कॅमेरा घेणं सध्या जमणार नाही.

गेल्या वर्षी दुपारी काढलेले फोटो आत्ता पुन्हा पाहिले. पाणी वाहतंय असं वाटतच नाही. काच फुटून तुकडे विखुरल्यासारखं दिसतं. पोफळीतून ऊन पडलंय तिथे पांढरे डाग, बाकी सगळं काळं. मग एकदा संध्याकाळी काढून पाहिले, तर पाण्यासकट दगडही हललेले. ते मऊ, धाग्याधाग्याचं पाणी या कॅमेऱ्यात येतं का? येत असेल तर कसं, ते कृपया नीट सांगा. मला यातलं फारसं कळत नाही.

रानवाट

घरात कुणाकडे आयफोन असेल तर लाइव्ह फोटो चालू ठेवून काढा आणि नंतर त्यालाच 'लाँग एक्स्पोजर' लावा. २०१७ पासून ती सोय आहे. अँड्रॉइडमध्ये प्रो मोड असेल तर आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील, त्याचा आकडा) सगळ्यात कमी आणि शटर १/४ सेकंद. मोबाइल मात्र कशाला तरी टेकवून ठेवा.

जुना फिरस्ता

ताई, आहे तो कॅमेरा पुरेसा आहे. असाच दोन सेलचा कॅमेरा घेऊन मी बारा पावसाळे ठोसेघरला जातोय. साताऱ्याहून सज्जनगडाच्या रस्त्याने पुढे गेलं की तासाभरात तिथे. मी शिकलो ते तिथे उभं राहून, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमचे दुपारचे फोटो का बिघडले ते पाहू. कॅमेऱ्यात तो फोटो उघडून 'डिस्प' बटण दाबत राहा, शटरचा आकडा दिसेल. उन्हात १/३०० किंवा त्याहून जलद असणार. एवढ्याशा वेळात थेंब जागचा हलत नाही, म्हणून काचेचे तुकडे. पाणी वाहताना दिसायला शटर निदान १/१५ सेकंद उघडा हवा. लहान पऱ्याला १/४ ते १ सेकंद. आता शटर तुमच्या हातात नाही हे खरं, पण कॅमेऱ्याला तो लांबवायला भाग पाडता येतं. उजेड कमी करायचा, आयएसओ खाली बांधून टाकायचा, आणि मग त्याच्यापुढे शटर जास्त वेळ उघडा ठेवण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही.

म्हणून पी वर ठेवा. फंक्शनचं बटण दाबून आयएसओ 'ऑटो'वरून काढा आणि सगळ्यात खालचा आकडा घ्या, बहुतेक ८० असेल. हे विसरलात तर अंधार पडताच कॅमेरा आपल्या मनाने आयएसओ चढवेल. शटर परत जलद होईल आणि फोटोवर दाणे (रवाळ ठिपके) येतील. फ्लॅश बंद. तिथेच उजेड कमीजास्त करायची अधिक-उणेची पट्टी असते, ती उण्याकडे दोन घरं सरकवा. फेसाचं पांढरं एकदा जळलं की त्यात पुन्हा काही दिसत नाही. काळं राहिलेलं मात्र नंतर थोडं उजळता येतं.

वेळ संध्याकाळी साडेसहा ते सात, नाहीतर पहाटे फटफटल्यावर. भाद्रपदात आभाळ असतंच. तुमच्या पऱ्यावर झाडांची सावली आहे, म्हणजे साडेसहालाच शटर १/४ वर आलेला असेल. पडद्यावर थरथरत्या कॅमेऱ्याचं लाल चिन्ह येईल. एरवी ते दिसलं की आपण कॅमेरा खाली घेतो. तुम्ही ते दिसायची वाट पाहायची आहे. ते आलं म्हणजे शटर सावकाश झाला, आता काढा.

अजून उजेड जास्त वाटला तर झूम करा. तुमच्या कॅमेऱ्यात झूम पूर्ण पुढे नेला की भिंगातून आत येणारा उजेड पाव-एक उरतो, आणि तेवढ्याच पटीने शटर लांबतो. १/४ चा जवळपास १ सेकंद होतो. त्यासाठी चार पावलं मागे सरकावं लागेल, एवढंच. पोलराइज्ड गॉगल असेल तर त्याची काच भिंगासमोर अगदी चिकटवून धरा आणि सावकाश फिरवून पाहा. एका कोनात ओल्या दगडांवरची चकाकी जाते, पाण्याखालचे गोटे दिसायला लागतात, आणि उजेडही निम्म्याहून कमी होतो.

ट्रायपॉडचं म्हणाल तर घरात कुळीथ असतील. जुन्या उशीच्या अभ्र्यात दीड-दोन किलो भरा, तोंड सैल बांधा, पिशवी दगडावर ठेवून कॅमेरा तिच्यात दाबून बसवा. ज्या कोनात बसवाल त्याच कोनात तो राहतो. मग २ सेकंदांचा टायमर लावा आणि बटण दाबून हात काढून घ्या. तुमचे संध्याकाळचे फोटो हलले ते बटण दाबतानाच्या धक्क्याने.

सीनच्या यादीत 'लाँग शटर' नावाचं काही आहे का पाहा. बऱ्याच पॉवरशॉटमध्ये असतं. त्यात १ सेकंदापासून पुढे शटर स्वतः निवडता येतो. पण ते अगदी कातरवेळी वापरा, उजेड असेल तर सगळं पांढराफटक येईल. (हा धागा वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे निकॉनचा कूलपिक्स असेल तर फटाक्यांचा सीन लावून पाहा, तो शटर साधारण ४ सेकंद उघडा ठेवतो.)

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते. पाणी किती मऊ करायचं, हे पाणी पाहून ठरवा. पहिल्या वर्षी मी भर जुलैत ठोसेघरला गेलो. तास-दीड तास दरी धुक्याने भरलेली, समोर काही नाही. मग धुकं वर सरकलं आणि मी २ सेकंदांचा फोटो काढला. घरी येऊन पाहतो तर कड्यावर पांढरी चादर वाळत घातलेली. एवढं पाणी कोसळत होतं, आवाजाने छातीत धडधडत होतं, आणि फोटोत त्यातलं काहीच नाही. पुढच्या वर्षी त्याच जागेवरून १/८ ठेवला. धारा सुट्या सुट्या आल्या, कुठे जाड, कुठे फाटलेल्या. मोठ्या पाण्याला शटर थोडा जलद, बारक्या पाण्याला सावकाश, असं मी तेव्हापासून धरून आहे. तुम्ही एकाच जागेवरून १/१५ पासून २ सेकंदांपर्यंत चार-पाच वेगवेगळे काढून आणा. निवड घरी, आईंच्या शेजारी बसून करा.

आणि चौकटीत एखादी वस्तू ठाम हवी, तीही जवळची. पाणी वाहतंय हे डोळ्याला कळतं ते शेजारचं काही हलत नाही म्हणून. तुमच्या पऱ्यावर धुण्याची धोंड असेलच. तीच धरा.

कॅमेरा पिशवीतून काढल्या काढल्या भिंगावर वाफ धरते, तर दहा मिनिटं आधी बाहेर ठेवा. पुसायला जुन्या मऊ धोतराचा तुकडा घ्या. शेवटचं, पण नीट ऐका: वर डोंगरात पाऊस पडला की तुमच्या डोक्यावर कोरडं असतानाही पाणी वाढतं. पाणी गढूळलं, काटक्या-पाला वाहून यायला लागला, की कॅमेरा उचलायचा आणि वर यायचं. 'अजून एकच' म्हणायचं नाही.

दगडफूल

फिरस्ते काका, जपून ठेवावा असा प्रतिसाद आहे. एक भर घालतो. अंधार पडायच्या आत परतायचं असेल आणि शटर १/१५ पेक्षा सावकाश होतच नसेल, तर कॅमेरा न हलवता लागोपाठ १६ फोटो काढा. मग संगणकावर गिंप या फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये सगळे एकावर एक थर म्हणून उघडा. गिंप फुकट मिळतं. सगळ्यात खालचा थर १०० टक्के ठेवायचा, त्यावरचा ५०, मग ३३, २५, २०, असं चढत जायचं. कितवा थर आहे त्या आकड्याने शंभराला भागायचं. सगळे मिळून एका सेकंदाच्या शटरसारखं पाणी दिसतं. शिवाय दाणे चौथाईवर येतात, मोठ्या छपाईला ते बरं.

पऱ्याकाठची

मंडळी, काल परत आले. सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिल्या संध्याकाळी पाऊस थांबलाच नाही. दुसऱ्या दिवशी सव्वासहाला खाली उतरले, अभ्रा पाखाडीच्या शेवटच्या पायरीवर मांडला, आणि पाणी चहासारखं झालेलं दिसलं. वरून बांबूचा पाला येत होता. फिरस्ते काका, तुमचं वाक्य आठवलं आणि तशीच वर आले. अर्ध्या तासात ती पायरी पाण्याखाली होती. तुम्ही लिहिलं नसतं तर मी तिथेच बसून राहिले असते. मनापासून आभार.

तिसऱ्या दिवशी गौरी आल्या. दुपारपासून उघडीप होती, संध्याकाळी वारा अगदी पडलेला. सहा चाळीसला लाल चिन्ह आलं. आयएसओ ८०, उण्याकडे दोन घरं, २ सेकंदांचा टायमर. गेल्या वर्षीच्या फोटोवर 'डिस्प' दाबून पाहिलं होतं, तिथे १/४०० होतं. आता १/६. मग झूम करून जवळपास १ सेकंद. सातच्या सुमाराला 'लाँग शटर' सापडलं, त्यात २ आणि ४ सेकंद.

पहिल्या फोटोतच धोंडीच्या दोन्ही अंगांनी पाणी धाग्याधाग्याचं आलं. धोंडीला अडकून फणसाचं एक पिवळं पान बसलं होतं. पाणी वेणीसारखं वळत त्याच्या अंगावरून जातंय आणि पान तिथल्या तिथे, त्याच्या शिरासुद्धा दिसतात. त्याच्या खाली जो लहानसा डोह आहे ना, तिथे फेस गोल गोल फिरत असतो. डोळ्याला नुसते बुडबुडे दिसतात. ४ सेकंदांच्या फोटोत त्यांची पांढरी वर्तुळं उमटलीत, रांगोळीत बोट फिरवल्यासारखी. जन्मापासून त्या पऱ्यावर जातेय, पण पाणी तिथे असं फिरतं हे मला ठाऊक नव्हतं.

पोलराइज्ड गॉगल चुलतभावाकडे मिळाला. धोंडीवरची चकाकी गेली आणि शेवाळ्याचा खरा हिरवा आला. पाणी अजून गढूळसर होतं, त्यामुळे तळाचे गोटे काही दिसले नाहीत.

दगडफूल, तुमचे १६ थरही करून पाहिले. पाणी छान आलं, पण मधल्या दोन फोटोंत कॅमेरा केसभर सरकला होता, धोंडीला दुहेरी कड आली. पिशवीत कुळीथ कमी पडले बहुधा.

काल रात्री आईला सगळे दाखवले. मला स्वतःला ४ सेकंदांचा आवडला होता, तोच आधी लावला. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "धुकं होतं काय गो?" मग १ सेकंदाचा. त्यावर काही बोलली नाही. १/६ चा लावला तेव्हा चष्मा वर सरकवून पुढे झुकली. "पाणी आज अंगात आहे," म्हणाली. मग धोंडीच्या डाव्या टोकावर बोट ठेवलं. तिथे एक खळगा आहे, मी कधी लक्षही दिलं नव्हतं. त्यात ती साबणाची वडी ठेवायची, पाण्यात जाऊ नये म्हणून.

तोच फोटो छापायला देतेय, बारा बाय अठरा इंच. दिवाळीला पुन्हा जाणार आहे. तेव्हा पाणी निवळ असतं, तळाचा गोटा न् गोटा दिसतो. फिरस्ते काका, त्या वेळी ऊन लख्ख असेल आणि पोफळी तेवढी सावली देणार नाहीत. मग पहाटे किती वाजता उतरू?

जुना फिरस्ता

साडेपाचला उठा, सहाला खाली. सूर्य पोफळीच्या वर यायच्या आत पाऊण तास मिळेल. वडीचा खळगा जवळून घ्या, कॅमेऱ्यावर फुलाचं चिन्ह असतं ते लावून. आणि कुळीथ तीन किलो भरा.