‘पापे पदरी घेणे’ : अर्थ आणि वापर

प्रश्न : बायबलमधील योहानाच्या पहिल्या पत्रात (१:९) ‘जर आपण आपली पापे पदरी घेतली, तर तो विश्वसनीय व न्यायी आहे म्हणून आपल्या पापांची क्षमा करील’ असे वचन आहे. ‘कशाला उगाच पाप पदरी घेतोस?’ असे आपण एखाद्याला विचारतो, तेव्हा पाप करू नकोस असे सुचवायचे असते. मग या वचनात पाप पदरी घेतल्याने क्षमा कशी मिळते? काही भाषांतरांत ‘कबूल केली’ असा शब्द आहे. तोच अधिक बरोबर मानावा का?

प्रतिसाद : दोन्ही शब्द बरोबर आहेत, परंतु ते एकच गोष्ट सांगत नाहीत. मूळ ग्रीक क्रियापद ‘होमोलोगेओ’ हे ‘समान’ आणि ‘बोलणे’ या अर्थांच्या दोन घटकांपासून बनले आहे, म्हणजे समोरचा जे म्हणतो तेच आपणही म्हणणे. देव ज्याला पाप म्हणतो त्याला मीही पापच म्हणतो, चूक, स्वभाव किंवा परिस्थिती म्हणत नाही, हा त्याचा गाभा आहे. ‘कबूल करणे’ यात ही संमती स्पष्ट येते, कारण मूळ अरबी शब्दाचा अर्थच स्वीकार असा आहे. मात्र मराठीत या शब्दाला चौकीचा आणि न्यायालयाचा वास चिकटला आहे. कबुलीजबाब घेतला जातो तो गुन्हा शाबीत करण्यासाठी, तर या वचनातील कबुलीनंतर शिक्षा नव्हे, सुटका येते.

‘पदरी घेणे’ याचे बळ वेगळे आहे. आपण उद्धृत केलेल्या वाक्यात पाप नव्याने पदरी येते, म्हणजे ते ओढवून घेतले जाते. वचनात मात्र पाप आधीच घडलेले आहे, आणि ‘आपली’ हा शब्द तेच दाखवतो. जे माझेच आहे, पण ज्याला मी दुसऱ्याचे म्हणत होतो किंवा लपवत होतो, ते मी माझ्या पदरात घेतो. एखाद्याची चूक त्याच्या पदरात घालणे हा वाक्प्रचार आपल्याला परिचित आहे. येथे ती घालणारा दुसरा कोणी नसून माणूस स्वतःच ती घेतो. ‘पापांगीकार’ या शब्दातील ‘अंगीकार’ हाही हेच सांगतो. मला स्वतःला ‘पदरी घेणे’ सोडवत नाही, कारण ओठांनी कबूल करूनही मनाने पाप दूर ठेवता येते, पण पदरात घेतलेली वस्तू दूर राहत नाही.

याच संदर्भात जुन्या कराराच्या मूळ भाषेतील, म्हणजे इब्री (हिब्रू) भाषेतील एका क्रियापदाचा उल्लेख करावासा वाटतो. ‘नासा’ म्हणजे उचलणे, वाहणे. लेवीय ५:१ मध्ये दोषी मनुष्य आपल्या अपराधाचा भार वाहतो, असे सांगताना हे क्रियापद येते, आणि निर्गम ३४:७ मध्ये देव अपराधाची क्षमा करतो, असे सांगतानाही तेच येते. यशया ५३:१२ मधील देवाचा सेवक पुष्कळांचे पाप वाहतो, तेथेही तेच आहे. पापी वाहतो आणि देव वाहून नेतो, या दोन्हींसाठी एकच शब्द! मराठीत याच्या अगदी जवळ जाणारी जोडी आहे : अपराध करणारा तो पदरी घेतो, आणि क्षमा करणारा तो पोटात घालतो. संस्कृत ‘क्षम्’ धातूचा मूळ अर्थही सहन करणे असाच असल्याने ‘क्षमा’ या शब्दात क्षमा करणाऱ्याने सोसलेले काहीतरी आहे, आणि ज्या विश्वासात क्षमेची किंमत वधस्तंभावर मोजली गेली, त्या विश्वासाला ‘माफी’पेक्षा हा शब्द अधिक शोभतो. माफी शेतसाऱ्याचीही होते.

पुन्हा प्रश्न : मग प्रायश्चित्त कोणी करायचे? पाप पदरी घेतले की ते करणे ओघानेच येते, असे मी समजत होतो.

प्रतिसाद : नेहमीच्या मराठीत ते ओघानेच येते, म्हणूनच पुढच्या अध्यायातील २:२ हे वचन लक्षपूर्वक वाचावे लागते. तेथे येशू ख्रिस्ताविषयी ‘तोच आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे’ असे म्हटले आहे. प्रायश्चित्त ही पाप्याने करायची कृती न राहता एका व्यक्तीचे वर्णन झाले आहे, आणि वाक्यरचना अपरिचित वाटली तरी ती तशीच हवी. कॅथलिक परंपरेत धर्मगुरूपाशी पापनिवेदन केल्यावर काही प्रार्थना किंवा सत्कृत्य करण्यास सांगितले जाते, परंतु तेही ख्रिस्ताच्या प्रायश्चित्ताला जोडूनच समजायचे असते. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने (कॅथलिक चर्चच्या धर्मपरिषदेने) असे निवेदन वर्षातून किमान एकदा करणे बंधनकारक केले. पुढे प्रोटेस्टंट मंडळ्यांत देवाजवळ थेट आणि उपासनेत सर्वांनी मिळून पापांगीकार करण्यावर भर आला, तरी प्रोटेस्टंट धर्मसुधारणेचे प्रवर्तक मार्टिन लूथर यांनी खाजगी पापनिवेदन टाकाऊ मानले नव्हते.

‘पश्चात्ताप’ या शब्दाविषयीही थोडे लिहितो. त्यात नंतर होणारा ताप आहे, तर ग्रीक ‘मेतानोइया’त मन पालटणे आहे. मत्तय २७:३ मध्ये येशूला धरून देणाऱ्या यहूदाला वाटलेल्या खेदासाठी या शब्दाशी संबंधित क्रियापद न वापरता दुसरेच वापरले आहे. त्याने ‘मी पाप केले’ असे म्हटलेही, पण ते मुख्य याजकांना आणि वडिलांना सांगितले, आणि ‘त्याचे आम्हांला काय?’ असे उत्तर त्याला मिळाले. लूक १५ मधील उधळ्या पुत्राच्या दाखल्यात घरी परतलेला धाकटा मुलगा तेच शब्द बापाजवळ बोलतो. त्याने मनाशी जुळवलेले ‘मला मोलकऱ्यांपैकी एकासारखे ठेवा’ हे वाक्य त्याच्या तोंडून निघतच नाही, कारण त्याआधीच बाप उत्तम झगा आणायला सांगतो. म्हणून ‘पाप कबूल करणे’ लिहिताना ‘देवाजवळ’ किंवा ‘देवापाशी’ हा शब्द गाळू नये, अशी माझी विनंती आहे.