प्रवेशाच्या दिवसांतील धास्ती : मराठवाड्यातील अनुभव

लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर येथे खोली घेऊन शिकणारे मूल आता आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक भावकीत सापडते. त्याचे गुण सर्वांना ठाऊक असतात, मात्र त्याची झोप कशी आहे हे सहसा कोणी विचारत नाही. ठरावीक जागा असलेल्या नामांकित महाविद्यालयासाठी अर्ज करताना मनावर जो ताण येतो, त्याविषयी येथे अनुभव लिहावेत, अशी विनंती आहे. ‘मन खंबीर ठेवा’ अशा उपदेशाने कोणाचे मन खंबीर झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. म्हणून प्रत्यक्ष काय केले आणि त्यातले काय उपयोगी पडले, तेवढेच लिहावे. नावाऐवजी गाव पुरेसे आहे.

उमरगा, वैद्यकीय विद्यार्थिनी

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा निकाल ४ जून २०२४ रोजी लागला. माझे गुण अपेक्षेप्रमाणेच होते. परंतु त्या यादीत ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण मिळालेले होते आणि आदल्या वर्षी ज्या गुणांवर शासकीय महाविद्यालयाची खात्री बाळगता येत होती, त्याच गुणांचा क्रमांक फार मागे गेला होता. पाठोपाठ पेपरफुटीच्या बातम्या आल्या, न्यायालयात सुनावण्या सुरू झाल्या आणि २३ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने फेरपरीक्षेस नकार देईपर्यंत पुस्तके बांधून ठेवावीत की पुन्हा उघडावीत, हेच कळत नव्हते. परीक्षेच्या आधीही मला एवढी भीती वाटली नव्हती.

त्या काळात घरात एक व्यवस्था केली. बातम्या पाहण्याचे काम दादाने घेतले आणि रात्रीच्या जेवणानंतर तो मला महत्त्वाचे तेवढे सांगू लागला. माझ्या फोनवरील सर्व गट बंद केले. सकाळी फक्त जीवशास्त्र वाचत असे, म्हणजे पेपर पुन्हा झालाच तर हात अगदी रिकामा राहणार नाही. उरलेला दिवस आईबरोबर सोयाबीनच्या खुरपणीला जात असे. रानात कोणी कटऑफ विचारत नाही, हा त्यातला मोठा लाभ होता.

लातूर, मेस चालवणाऱ्या काकू (भाचीने लिहून घेतले)

आमच्याकडे बहुतेक मुले नीटची आहेत आणि थोडी जेईईची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या परीक्षेची. रविवारी त्यांची टेस्ट असते आणि संध्याकाळी गुण फोनवर येतात. गुण आले की ताटे तशीच राहतात. कोणी भाकरी मोडून ठेवते, कोणी ‘पोट दुखतंय’ म्हणून उठते. मी शिकलेली नाही, पण रविवारचे जेवण गुण येण्याच्या आधी वाढायचे, एवढे मला सुचले. आता निकाल काहीही लागो, लेकरू जेवलेले असते. दुसरे म्हणजे, कोणी सलग दोन वेळा आले नाही तर मी डबा पाठवत नाही. स्वतः खोलीवर जाते. डब्याला दार उघडून बोलावे लागत नाही, मला पाहून बोलावेच लागते. एका मुलाच्या घरी मीच फोन लावून दिला होता. तो पुढे कोणत्या कॉलेजला लागला ते मी विचारले नाही, पण दिवाळीला येऊन जातो.

वसमत, अभियांत्रिकीचा विद्यार्थी

माझी काळजी सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेनंतर सुरू झाली. सीईटी वेगवेगळ्या सत्रांत होते आणि निकाल पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे इतरांच्या तुलनेत आपण कोठे आहोत या आकड्यात येतो, त्यामुळे आपले सत्र अवघड होते की सोपे, या चर्चेत बरेच दिवस गेले. त्याहून जाचक ठरला तो ऑप्शन फॉर्म, म्हणजे महाविद्यालये आणि शाखा पसंतीच्या क्रमाने लिहायचा अर्ज. पुण्याचे सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय, नांदेडचे एसजीजीएस, संभाजीनगरचे शासकीय अभियांत्रिकी, शिवाय शाखा कोणती. आणि प्रत्येक नातेवाइकाची यादी निराळी. मामांचे म्हणणे असे की ‘सीओईपी वर टाकलेस तर ते मिळणार नाही आणि खालचेही हातचे जाईल.’ या एका वाक्याने माझी झोप गेली.

शेवटी एका सरांनी कागदावर प्रक्रिया समजावून दिली. गुणवत्ता यादीत तुमचा क्रमांक येतो तेव्हा संगणक तुमच्या यादीत वरून खाली पाहत जातो आणि जी पहिली जागा शिल्लक असेल ती देतो. वरची मिळाली नाही म्हणून खालच्या जागेवरील हक्क कमी होत नाही. त्यामुळे यादी आपल्या इच्छेच्या क्रमाने लिहावी, शक्यतेच्या क्रमाने नव्हे. शक्यतेचा विचार करायचा तो यादी किती खालपर्यंत न्यायची हे ठरवताना, त्यासाठी मागील वर्षांचे कटऑफ पाहावेत. मात्र पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती स्वीकारावीच लागते, म्हणून जेथे खरोखर जायचे आहे तेच नाव पहिले हवे.

हे कळल्यावर भीतीचा मोठा भाग गणितात बदलला. मी आणि आबांनी एका बैठकीत यादी केली, ती नक्कल करून भिंतीवर लावली आणि ‘आता यात बदल नाही’ असे आबांनीच मामांना कळवले. घरातील वडीलधाऱ्या माणसाने असे सांगणे मला सर्वांत उपयोगी पडले. मुलाने सांगितले असते तर तो उद्धटपणा ठरला असता.

परभणी, पालक

वरील लेखनाच्या अनुषंगाने विचारतो. मुलगी यंदा बारावीला आहे. अभ्यासाची तिला भीती नाही, परंतु ‘पप्पा, कागदपत्रांमुळे जागा गेली तर?’ हा प्रश्न ती रोज विचारते. जातीच्या पुराव्यासाठी लागणारी आमच्या घराण्याची जुनी नोंद निजामकाळातील, उर्दूत आहे. ज्यांनी यातून वाट काढली त्यांनी लिहावे.

बीड, सेवा केंद्र चालक

परभणीच्या दादांसाठी. जात पडताळणीचा अर्ज निकालाची वाट न पाहता बारावीतच, महाविद्यालयामार्फत करावा. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. उर्दू नोंद असेल तर जाणकाराकडून मराठी भाषांतर करून मूळ प्रतीसोबत जोडावे. नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाच्या अखेरपर्यंत ते वैध आहे ना, हे आधी पाहावे. आमच्या केंद्रावर जून महिन्यात रडवेले होऊन येणारे विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो आणि त्यांतील बहुतेकांचे काम हिवाळ्यात होऊ शकले असते. एक सूचना : पोचपावत्यांची फाईल मुलीच्याच हाती द्यावी. काय झाले आणि काय बाकी आहे हे तिला स्वतः दिसेल.

अंबाजोगाई, इंटर्न डॉक्टर

आमची नीट २०२० ची. ३ मेची परीक्षा २६ जुलैवर आणि तेथून १३ सप्टेंबरवर गेली. परीक्षा तोंडावर असताना, ८ सप्टेंबरला, राज्य शासनाने वैद्यकीय प्रवेशातील ७०:३० ही प्रादेशिक कोट्याची पद्धत, म्हणजे ७० टक्के जागा त्या-त्या विभागातील विद्यार्थ्यांना देण्याची पद्धत, रद्द केली. मराठवाड्याची ती जुनी मागणी होती, गावात आनंद झाला. मला मात्र त्या रात्री छातीत धडधड सुरू झाली, कारण ‘आता पुण्या-मुंबईचेही दार उघडले’ असे म्हणणारा प्रत्येक जण माझ्याकडे पाहत होता. मला उपयोग झाला तो सरावाचा : दुपारी २ ते ५ या परीक्षेच्याच वेळेत, मास्क लावून, पंखा बंद ठेवून पेपर सोडवणे. शरीराला त्या तीन तासांची ओळख झाली की ते ऐनवेळी दगा देत नाही, असे माझे मत आहे. धडधड वाढली की श्वास घेण्यापेक्षा सोडण्यास अधिक वेळ देत असे; आज रुग्णांनाही हेच सांगतो.

मात्र झोप आणि जेवण बरेच दिवस बिघडलेले असेल, किंवा जगण्याविषयीच वाईट विचार येत असतील, तर घरगुती उपायांवर थांबू नये. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, तो रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते.

तुळजापूर, समाजकार्याची पदवीधर

सर्वच जण वैद्यकीय आणि अभियांत्रिकीचे लिहीत आहेत, म्हणून हे. माझी धास्ती मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतील मुलाखतीची होती. तिची एक शाखा आमच्याच तुळजापुरात असल्याने नाव परिचयाचे होते, परंतु इंग्रजीत बोलावे लागणार या विचाराने घसा कोरडा पडत असे. एका ताईने सुचवले की उत्तर आधी मराठीत मोठ्याने बोलावे आणि मुद्दा पक्का झाल्यावरच इंग्रजीकडे वळावे. असे करताना लक्षात आले की अनेक प्रश्नांवर माझ्याजवळ मुद्दाच नव्हता; इंग्रजीचे निमित्त होते. मग २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या विषयावर मी नीट वाचन केले, मावशीच्या गल्लीत त्या वेळी टँकरची पाळी कशी लागत असे ते विचारून घेतले आणि मुलाखतीत तेच बोलले. वाक्ये मोडकी होती, तरी मला मध्ये थांबवले गेले नाही.

परभणी, पालक

बीडच्या भाऊंचे आभार. भाषांतरासाठी कागद दिले आहेत आणि फाईल मुलीकडे सोपवली आहे. तिने त्यात आणखी एक अट घातली आहे : गुणांविषयी घरात फक्त रविवारी बोलायचे, तेही नाश्ता झाल्यावर. आजीला ही अट मान्य नाही. तिच्याशी बोलणी चालू आहेत.