डेथ स्ट्रँडिंग : कथा किती कळली, किती भिडली? तुमचे अनुभव लिहा

हिदेओ कोजिमाचा 'डेथ स्ट्रँडिंग' हा व्हिडिओ गेम नोव्हेंबर २०१९ मध्ये प्लेस्टेशन ४ वर आला, जुलै २०२० मध्ये पीसीवर. २०२५ मध्ये दुसरा भागही आला, तरी पहिल्याबद्दल माझं मत काही ठरत नाही. म्हणून हा धागा.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी : जिवंतांचं आणि मेलेल्यांचं जग यांतली सीमा फुटली आहे, अमेरिका उद्ध्वस्त झाली आहे, उरलीसुरली माणसं जमिनीखाली दडून बसली आहेत. आपण ज्याला चालवतो तो सॅम पाठीवर सामान लादून पश्चिम किनाऱ्याच्या दिशेने चालत जातो आणि एकेक वस्ती नेटवर्कला जोडतो. इथवर सगळं सरळ. मग बीटी (इकडे अडकलेले मृतात्मे), बीबी (त्यांची चाहूल देणारं पॉडमधलं बाळ), डूम्स (काही माणसांना असलेली तसलीच जाणीव), प्रत्येकाचा वेगळा 'बीच' (जीवन-मरणाच्या मधला किनारा) असे शब्द अंगावर येतात आणि बराच वेळ कुणी धड काही सांगत नाही. शेवटी मात्र तेच ते पुन्हा पुन्हा समजावत बसतात. याचा मला आजही राग येतो. आणि तरीही असा दुसरा खेळ माझ्या पाहण्यात नाही.

तुम्हाला काय वाटलं ते सविस्तर लिहा. शेवट फोडणार असाल तर आधी 'स्पॉयलर' लिहा, एवढीच विनंती.

* * *

मी तिसऱ्या एपिसोडमध्ये सोडला. कोजिमाचे मेटल गिअर मालिकेतले खेळ मी कॉलेजात असल्यापासून खेळतोय, त्यामुळे गुंतागुंतीचं मला वावडं नाही. पण तिथे गोंधळातही पुढे काय होणार याची ओढ असायची. इथे कथेचा एक घास मिळतो आणि मग तासन् तास नुसती ने-आण. महत्त्वाची माहिती मेल आणि मुलाखतींत कोंबलेली. ऑफिसातून थकून आल्यावर पडद्यावर आणखी मेल वाचायची ताकद माझ्यात नव्हती. नॉर्मन रीडस, मॅड्स मिकेलसन, लेआ सेदू असे एकाहून एक कलाकार हाताशी असताना जे अभिनयातून दाखवायचं ते वाचायला का लावायचं?

* * *

मला कथा निम्मीच कळली, पण चालणं शंभर टक्के कळलं. मी सह्याद्रीत भटकणारा माणूस. वजनदार सॅक घेऊन घसाऱ्यावरून उतरताना पाय कसा टाकायचा, हे या खेळाइतकं नेमकं कुठेच पाहिलं नाही. सामान उंच रचलं की सॅम डोलतो. डावीकडे झुकला की उजवं ट्रिगर दाबून तोल सावरायचा, दोन्ही दाबले की तो खांद्यावरचे पट्टे घट्ट धरतो आणि वेग मंदावतो. बूट झिजतात. ओढ्यात कमरेवर पाणी आलं की पाय सुटतो आणि खोकी वाहून जातात. लांबचा उतार संपत येतो, खाली वस्ती दिसते आणि लो रोअर या बँडचं गाणं सुरू होतं. त्या क्षणी मला बीचबिच काही समजून घ्यायचं नसतं.

* * *

मी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पीसीवर खेळले. घरात एकटी होते. ज्यांच्या दारात सामान पोचवायचं ती माणसं होलोग्रामवर बोलतात, आभार मानतात, प्रत्यक्षात बाहेर येत नाहीत. हा खेळ साथीच्या आधीचा आहे हे मला स्वतःला बजावावं लागायचं.

पण लिहायचंय ते रस्त्यांबद्दल. हायवे बांधायला ढिगाने धातू आणि सिरॅमिक लागतं. होतं तेवढं मी एका यंत्रात ओतलं आणि झोपले. दुसऱ्या दिवशी आले तर रस्ता पूर्ण! भर घालणाऱ्यांची नावं होती, सगळी अनोळखी. दुसरा खेळाडू या खेळात कधीच समोर दिसत नाही, फक्त त्याची शिडी, त्याचा दोर, त्याचा पूल दिसतो. माणसं जोडण्याबद्दल पात्रं जी लांबलचक भाषणं देतात, त्यांतलं एकही मला त्या रस्त्याइतकं पटलं नाही.

* * *

स्पॉयलर!

आमची मुलगी तान्ही असताना मी हा खेळलो. सॅमच्या छातीवरच्या पॉडमधलं बाळ घाबरलं की त्याचं रडणं थेट कंट्रोलरच्या स्पीकरमधून येतं आणि कंट्रोलर हातात हलके झुलवून त्याला शांत करावं लागतं. शेजारच्या खोलीत आमचं बाळ, हातात हे. मला ते सहन व्हायचं नाही आणि बंदही करवायचं नाही.

मॅड्स मिकेलसनच्या क्लिफ या पात्राच्या ज्या आठवणी मधूनमधून दिसतात, त्या त्या बाळाच्या आहेत असं आपण शेवटापर्यंत धरून चालतो. त्या सॅमच्याच आहेत हे कळलं आणि मी ढसाढसा रडलो. वर कथा विस्कळीत आहे असं लिहिलंय, ते मान्य. पण ही एक गाठ इतका वेळ झाकून ठेवली नसती तर ती अशी सुटली नसती.

* * *

स्पॉयलर, पुन्हा.

क्लिफबद्दल सहमत. पण अमेलीच्या रहस्याला हे अजिबात लागू होत नाही. अमेरिकेची अध्यक्ष ब्रिजेट आणि तिची मुलगी समजली जाणारी अमेली एकच, एक शरीर आणि एक आत्मा, हे सांगायला लागलेले कटसीन (खेळ थांबवून दाखवलेले प्रसंग) संपता संपत नाहीत. उलट हार्टमन हा संशोधक पाहा. दर २१ मिनिटांनी त्याचं हृदय थांबतं, ३ मिनिटं तो मेलेला असतो आणि तेवढ्यात पलीकडे जाऊन आपली बायको आणि मुलगी शोधतो. एका भेटीत या जगाचा नियमही कळतो आणि दुःखही. हे ज्याला जमतं त्याने अमेलीचं असं का करावं?

* * *

हाही स्पॉयलर आहे. पीटर एंगलर्ट नावाचा एक जण पिझ्झा मागवत राहतो, तो आडवाच न्यावा लागतो, दारात कधीच कुणी दिसत नाही. हा म्हणजेच खलनायक हिग्ज. २०१३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल पीटर हिग्ज आणि फ्रँस्वा एंग्लेर यांना मिळालं होतं, नाव तिथूनच जुळवलेलं दिसतं. मुख्य कथा संपल्यावर त्याच्या खोलीत जाता येतं. हिग्ज मला माणूस म्हणून कळला तो तिथे, आणि मुख्य कथेत यातलं जवळजवळ काहीच नाही. तिसऱ्या एपिसोडला सोडलेल्यांनी निदान तेवढ्यासाठी तरी परत यावं. पिझ्झाच्या ऑर्डरी टाळू नका आणि त्याचे मेल वाचा.