मदत हवी आहे: ‘स्टॉकहोम’ जहाजाचे जुने फोटो

नमस्कार मंडळी. १९४८ च्या ‘स्टॉकहोम’ या स्वीडिश प्रवासी जहाजाचं लाकडी मॉडेल करतोय. १९५६ साली अमेरिकेच्या नॅन्टकेट बेटाजवळ हेच ‘आंद्रेआ डोरिया’ या इटालियन प्रवासी जहाजावर आदळलं होतं, चेपलेली नाळ (जहाजाचं पुढचं टोक) न्यूयॉर्कला नव्याने बसवली. १९६० पासून ‘फोल्करफ्रॉइंडशाफ्ट’ या नव्या नावाने पूर्व जर्मनीच्या कामगारांना सुट्टीवर नेणारं जहाज, पुढे ऑस्लोत आश्रय मागणाऱ्यांचं निवासस्थान! केवढं राबलंय हे जहाज, म्हणूनच ते हुबेहूब व्हायला हवं. अडचण अशी, की १९९४ पर्यंत इटलीत वरचे मजले उतरवून पार नवे बांधले, त्यामुळे नंतरचे फोटो उपयोगाचे नाहीत. मला पूर्व जर्मन काळातला मागचा डेक नीट दिसायला हवाय. जर्मनी-स्वीडनमधल्या कुणी संग्रहालयात नकाशे, पोस्टकार्डं पाहिली असल्यास कृपया कळवा.